एकाच वाय-फायवर एका कॉम्प्युटरला नेट आहे, दुसऱ्याला नाही: बिघाड कसा शोधायचा

राउटर एकच. विंडोजच्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चालू आहे आणि शेजारच्याच टेबलावरच्या लिनक्सच्या मशीनवर एकही पान उघडत नाही. किंवा मॅकवर नेट आहे, विंडोजवर मात्र 'नो इंटरनेट' लिहून आलंय. अशा वेळी बहुतेक जण राउटर बंद करून पुन्हा चालू करतात, नाहीतर ज्या सिस्टिमवर नेट नाही तिला नावं ठेवून मोकळे होतात. राउटर बंद-चालू केल्याने कधी कधी काम होतंही, पण ते का झालं हे कळत नाही आणि आठवडाभराने तोच प्रकार पुन्हा समोर येतो.

खरं तर शेजारी एक चालू मशीन असणं ही फार मोठी सोय आहे. दोन्ही मशीनना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारत जायचं. ज्या प्रश्नाला दोघांची उत्तरं वेगळी येतील तिथे थांबायचं, कारण बिघाड तिथेच असतो. अडचण एवढीच की विंडोज, मॅक आणि लिनक्स एकच उत्तर तीन वेगळ्या भाषांत देतात, आणि नवख्या माणसाला तो भाषेचा फरकच बिघाड वाटतो. म्हणून प्रश्न कोणते आणि प्रत्येकाचं उत्तर कसं वाचायचं, हे पायरीपायरीने सांगतो.

सुरुवात करण्याआधी

कागद घ्या, मध्ये उभी रेघ मारा, डावीकडे चालणारं मशीन, उजवीकडे न चालणारं. कंटाळवाणं वाटलं तरी हे कराच. तिसऱ्या पायरीवर पोहोचेपर्यंत पहिल्या पायरीचे आकडे कुणाच्याही लक्षात राहत नाहीत.

दोन्ही मशीनवर व्हीपीएन, म्हणजे नेटची वाट दुसऱ्या सर्व्हरमधून वळवणारा प्रोग्राम, असेल तर बंद करा. दोन्ही त्याच नावाच्या नेटवर्कला जोडलेली आहेत ना, तेही बघा. एक मुख्य नेटवर्कवर आणि दुसरं 'गेस्ट'वर असेल तर त्यांना एकमेकांशी बोलता येत नाही, कारण गेस्ट नेटवर्क मुद्दाम तसंच बनवलेलं असतं.

विंडोजवर स्टार्ट मेनूत 'सीएमडी' टाइप केलं की काळी खिडकी उघडते. मॅकवर ॲप्लिकेशन्समधल्या युटिलिटीजमध्ये टर्मिनल आहे. उबुंटूसारख्या लिनक्सवर कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबा. पुढे कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी कीबोर्डवर, लहान लिपीत टाकायच्या. जिथे अक्षरं सुटी म्हणायची तिथे मध्ये आडवी रेघ दिली आहे.

पहिली पायरी: कार्ड दिसतंय का, सिग्नल येतोय का

विंडोजवर 'नेट-एस-एच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' ही कमांड द्या. नेटवर्कचं नाव, चॅनेल आणि सिग्नल टक्केवारीत दिसतो. मॅकवर ऑप्शन की दाबून धरा आणि वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा. तिथे सिग्नल उणे आकड्यात येतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ८० म्हणजे जेमतेम. लिनक्सवर 'एन-एम-सी-एल-आय डिव्हाइस' दिलं की कार्डांची यादी येते.

लिनक्सच्या यादीत वाय-फायचं कार्डच नसेल तर पुढच्या पायऱ्यांकडे वळू नका. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा त्यासोबत लागणारं फर्मवेअर बसलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना लिनक्समध्ये ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. मग अडचण अशी की नेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट. यावर सोपा उपाय आहे: फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला तो फोन केबलचं नेटवर्क असल्यासारखा दिसतो, सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही. त्या नेटवर ड्रायव्हर उतरवून घ्या.

कार्ड यादीत आहे पण 'अनअव्हेलेबल' लिहिलंय? 'आर-एफ-किल लिस्ट' द्या. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर 'आर-एफ-किल अनब्लॉक वायफाय'ने काम होतं. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर कमांडने काहीही होणार नाही. लॅपटॉपवरचं वाय-फायचं बटण, फंक्शन की किंवा बायोसमधलं सेटिंग शोधा.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक संशयित आहे: विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप'. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. कधी कधी वाय-फायचं कार्डही त्या अर्धवट अवस्थेत राहतं आणि लिनक्सला उठवता येत नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा. तात्पुरतं तपासायचं असेल तर 'शट डाउन'ऐवजी 'रीस्टार्ट' करून लिनक्समध्ये जा, कारण रीस्टार्टमध्ये फास्ट स्टार्टअप लागू होत नाही.

एका मशीनला नेटवर्कचं नावच दिसत नसेल तर बँड, म्हणजे वाय-फायची फ्रिक्वेन्सी, बघा. ६ गिगाहर्ट्झच्या वाय-फायसाठी विंडोज ११ लागतं, विंडोज १० ला तो बँड दिसत नाही, कार्ड कितीही नवं असलं तरी. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवला असेल तर २०१९ च्या १९०३ आवृत्तीआधीचं विंडोज १० जोडलं जाणार नाही. राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या १२ किंवा १३ व्या चॅनेलवर असेल आणि मशीनमध्ये देश चुकीचा ठरलेला असेल, तरीही नेटवर्क गायब होतं, कारण काही देशांच्या नियमांत ते चॅनेल वापरात नाहीत. राउटर १, ६ किंवा ११ वर आणला की हा प्रश्न मिटतो.

दुसरी पायरी: पत्ता मिळालाय का

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उत्तरं या पायरीवर सापडतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' द्या, मग एक जागा सोडून 'स्लॅश ऑल'. लिनक्सवर नुसतं 'आयपी ए'. मॅकवर 'इफ-कॉन्फिग', म्हणजे आय-एफ-कॉन्फिग. मॅकवरही 'आयपीकॉन्फिग' नावाची कमांड आहे, पण ती विंडोजच्या कमांडसारखी वागत नाही. नुसती दिली तर ती कशी वापरायची एवढंच सांगून गप्प बसते. ते बघून मॅक बिघडलाय असं समजू नका.

आता तिन्हींवर येणारा मजकूर शेजारी ठेवून वाचा. विंडोजवर लिहिलेलं असतं: आयपीव्ही४ ॲड्रेस १९२.१६८.१.५, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. लिनक्सवर 'आयनेट' या शब्दापुढे १९२.१६८.१.६/२४. मॅकवर 'आयनेट' १९२.१६८.१.७ आणि पुढे 'नेटमास्क', मग शून्य, एक्स, सहा वेळा एफ आणि दोन शून्यं. हे तिन्ही मास्क एकच आहेत. पत्त्याच्या ३२ बिट्सपैकी पहिले २४ नेटवर्कचे, उरलेले ८ मशीनचे. कुणी ते दशमान आकड्यांत लिहितं, कुणी नुसती बिट्सची संख्या देतं, कुणी सोळा-आधारी पद्धतीने लिहितं. कागदावर तिन्ही '/२४' असंच लिहा, म्हणजे तुलना सोपी होते.

नावंही वेगळी दिसतात. विंडोज सरळ 'वायरलेस लॅन ॲडॅप्टर वाय-फाय' म्हणतं. मॅकच्या लॅपटॉपवर ते बहुधा 'ई-एन-०' असतं. लिनक्सवर 'डब्ल्यू-एल-पी-३-एस-०' असं काहीतरी विचित्र दिसतं, पण त्यालाही अर्थ आहे: डब्ल्यूएल म्हणजे वायरलेस, पी३ म्हणजे तिसरी पीसीआय बस, एस० म्हणजे शून्य क्रमांकाचा स्लॉट. लिनक्सच्या यादीत सगळ्यात वर 'एल-ओ' आणि १२७.०.०.१ दिसेल. ते मशीन स्वतःशी बोलण्यासाठी असतं, त्याला नेटचा पत्ता समजू नका. विंडोजच्या यादीतही 'मीडिया डिसकनेक्टेड' लिहिलेले चार-पाच आभासी ॲडॅप्टर असतात, ते सोडून द्या.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तो राउटरने दिलेला नाही. राउटरकडे मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून मशीनने स्वतःच स्वतःला देऊन टाकला. विंडोज आणि मॅक असं करतात. डेस्कटॉप लिनक्स मात्र अशा वेळी बहुधा पत्ताच घेत नाही. 'आयनेट'ची ओळच येत नाही, वाय-फायचं चिन्ह फिरत राहतं आणि शेवटी जोडणी तुटते. बघणाऱ्याला वाटतं, विंडोज निदान जोडलं तरी गेलं, लिनक्स तेवढंही करत नाही. दोघांची स्थिती मात्र एकच असते: राउटरकडून पत्ता मिळालेला नाही.

अशा वेळी पत्ता पुन्हा मागा. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज' आणि मग 'आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू'. मॅकवर नेटवर्क सेटिंगमध्ये वाय-फायच्या तपशिलात टीसीपी/आयपी पानावर 'रिन्यू डीएचसीपी लीज' आहे. लिनक्सवर वाय-फाय बंद करून चालू केलं की पुरे. तरीही मिळाला नाही तर दोन गोष्टी बघा. एक, कुणी पूर्वी हाताने पत्ता टाकून ठेवलाय का. दुसरी मी एका घरी पाहिली, ती जरा तपशिलात सांगतो.

ओळखीच्या एका ताईंचा लॅपटॉप होता, त्यावर दोन्ही सिस्टिम. विंडोजमध्ये गेलं की नेट चालू, लिनक्समध्ये गेलं की वाय-फाय पुन्हा पुन्हा पासवर्ड मागायचं. पासवर्ड बरोबर होता, मी स्वतः तीनदा टाकला. ड्रायव्हर बदलून पाहिला, काही फरक नाही. शेवटी कागदावर दोन्हीकडचा हार्डवेअरचा पत्ता लिहिला. विंडोजच्या 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल'मध्ये तो 'फिजिकल ॲड्रेस' म्हणून येतो, लिनक्सच्या 'आयपी ए'मध्ये 'लिंक/ईथर' या ओळीत. कार्ड तेच, म्हणजे बारा अक्षरं तीच हवीत. ती वेगळी होती. लिनक्स त्या जोडणीसाठी बनावट पत्ता वापरत होतं आणि राउटरमध्ये ओळखीच्या मशीनची यादी लावलेली होती. यादीबाहेरच्या मशीनला राउटर आत घेत नव्हता, आणि लिनक्स त्याचा अर्थ 'पासवर्ड चुकला असेल' असा लावत होतं.

हा बनावट पत्ता माग काढणाऱ्यांपासून वाचण्यासाठी असतो आणि तो चांगलाच आहे. फेडोरा लिनक्सने ४० व्या आवृत्तीपासून प्रत्येक नेटवर्कला वेगळा पत्ता देणं मूळ सेटिंगच केलंय. २०२४ च्या मॅकओएस सिकोयामध्ये 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस' आहे, विंडोजमध्ये 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' हा पर्याय आहे. ओळखायची खूण सोपी आहे: पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो सहसा सॉफ्टवेअरने ठरवलेला असतो, कारखान्यातून आलेला नसतो. घरच्या नेटवर्कपुरतं हे सेटिंग बंद करा, नाहीतर राउटरच्या यादीत नवा पत्ता घाला.

तिसरी पायरी: राउटरपर्यंत पोहोचता येतंय का

राउटरचा पत्ता विंडोजवर 'डीफॉल्ट गेटवे' म्हणून दिसतो. लिनक्सवर 'आयपी आर' द्या आणि 'डीफॉल्ट व्हाया' या शब्दांपुढचा आकडा घ्या. मॅकवर 'राउट', जागा, 'डॅश एन गेट डीफॉल्ट'. दोन्ही मशीनवर हा आकडा एकच यायला हवा. लिनक्समध्ये 'डीफॉल्ट'च्या दोन ओळी दिसल्या तर एक केबलची आणि एक वाय-फायची असू शकते, किंवा बंद न झालेल्या व्हीपीएनची उरलेली असू शकते. नको असलेली जोडणी काढून पुन्हा बघा.

आता त्या पत्त्यावर 'पिंग' करा, म्हणजे 'आहेस का?' असा छोटा संदेश पाठवा: 'पिंग', जागा, मग तो पत्ता. विंडोज चार वेळा पिंग करून आपोआप थांबतं. मॅक आणि लिनक्स थांबतच नाहीत, कंट्रोल आणि सी दाबून थांबवावं लागतं. विंडोज ३२ बाइटचा मजकूर पाठवतं, बाकी दोघे ५६ बाइटचा. हे फरक मनावर घेऊ नका. उत्तर येतंय का आणि किती मिलिसेकंदांत, एवढंच लिहा.

विंडोजवर मात्र एक सापळा आहे. कधी ओळ अशी येते: 'रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.५: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. आणि खाली हिशेबात चार पाठवले, चार मिळाले, तोटा शून्य टक्के. नवखा माणूस शून्य टक्के बघून पुढे जातो. पण तो पत्ता नीट बघा, तो तुमच्या स्वतःच्याच मशीनचा आहे. समोरचं यंत्र सापडत नाही, असं तुमचंच मशीन तुम्हाला सांगतंय. विंडोजवर पिंग वाचताना हिशेबाआधी ओळ वाचा.

उलट बाजूचा सापळाही सांगून ठेवतो. लिनक्सवरून विंडोजच्या मशीनला पिंग केलं आणि उत्तर आलं नाही, तर विंडोजचं मशीन बिघडलंय असं नाही. विंडोजचा फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये बाहेरून आलेल्या पिंगला बहुधा उत्तर देत नाही, विशेषतः नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असेल तर. विंडोजवरून लिनक्सला पिंग होतं आणि लिनक्सवरून विंडोजला होत नाही, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की त्यावर वेळ घालवू नका. दोघांनाही राउटर सापडतोय ना, तेच बघा.

चौथी पायरी: राउटरच्या पलीकडे

'पिंग ८.८.८.८' किंवा 'पिंग १.१.१.१' करा. पहिला गूगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा डीएनएस सर्व्हर (वेबसाइटच्या नावाचा आकडी पत्ता सांगणारा), दोन्ही एरवी उत्तर देतात. चालणाऱ्या मशीनवर उत्तर येतं आणि दुसऱ्यावर नाही, पण राउटर दोघांनाही सापडतो, असं असेल तर राउटरमधलं एखाद्या मशीनपुरतं बंधन बघा: 'पॅरेंटल कंट्रोल', वेळेची मर्यादा वगैरे. मशीनवरचा दुसऱ्या कंपनीचा फायरवॉलही अशा वेळी थोडा वेळ बंद करून बघावा.

वाटेत कुठे अडतंय ते बघण्यासाठी विंडोजवर 'ट्रेसर्ट' आणि मॅक-लिनक्सवर 'ट्रेसराउट' आहे. दोघांचं उत्तर वेगळं आलं तर लगेच निष्कर्ष काढू नका. विंडोज त्यासाठी पिंगच्याच जातीचे आयसीएमपी संदेश पाठवतं, बाकी दोघे मूळ सेटिंगमध्ये यूडीपी नावाच्या दुसऱ्या जातीचे. वाटेतले काही राउटर एकाला उत्तर देतात आणि दुसऱ्याला नाही, त्यामुळे लिनक्सवर चांदण्यांच्या ओळी आणि विंडोजवर व्यवस्थित नावं असं दिसू शकतं. तुलना खरी व्हायला हवी तर मॅक-लिनक्सवर 'ट्रेसराउट'नंतर डॅश आणि मोठ्या लिपीतला आय टाका. लिनक्सवर त्याआधी 'सुडो' (ॲडमिनचे अधिकार देणारा शब्द) लागतो.

पाचवी पायरी: नावाचा आकडा होतोय का

आकड्याला पिंग होतं पण वेबसाइटच्या नावाला होत नाही, म्हणजे नेट आहे, डीएनएस नाही. तिन्हीकडे चालणारी कमांड 'एन-एस-लुकअप', पुढे वेबसाइटचं नाव. उत्तरात सगळ्यात वर कुणाला विचारलं तो सर्व्हर दिसतो. विंडोजवर तिथे राउटरचा पत्ता असेल आणि लिनक्सवर १२७.०.०.५३, तर दचकू नका. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये 'सिस्टिम-डी-रिझॉल्व्हड' नावाचा मध्यस्थ असतो, तो स्वतः पुढे विचारतो. तो खरं कुणाला विचारतोय ते 'रिझॉल्व्ह-सी-टी-एल स्टेटस' दिलं की कळतं.

दोन्हीकडचा खरा डीएनएस सर्व्हर वेगळा निघाला तर बिघाड सापडलाच. न चालणाऱ्यावर चालणाऱ्याचाच सर्व्हर ठेवा. सर्व्हर तोच असूनही एका मशीनवर जुना पत्ता येत असेल तर साठवलेली उत्तरं पुसा. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग', जागा, 'स्लॅश फ्लश-डीएनएस'. लिनक्सवर 'रिझॉल्व्ह-सी-टी-एल फ्लश-कॅशेस', मधल्या आडव्या रेघेसकट. मॅक नुसता रीस्टार्ट केला तरी चालतं.

'एन-एस-लुकअप' बरोबर पत्ता देतं, पण 'पिंग' भलत्याच पत्त्याकडे जातं, असं झालं तर 'होस्ट्स' फाइल उघडा. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं, पिंग मात्र आधी ही फाइल बघतं. मॅक आणि लिनक्सवर ती 'ईटीसी' फोल्डरमध्ये असते. विंडोजवर 'सिस्टिम३२'च्या आत 'ड्रायव्हर्स', त्याच्या आत 'ईटीसी'. वर्षापूर्वी कुणीतरी एखादं काम करताना टाकलेली एक ओळ तिथे तशीच राहिलेली असते.

आणि एक: ब्राउझरमध्ये साइट उघडते पण बाकीच्या प्रोग्रामना सापडत नाही, तर ब्राउझरचं 'सिक्युअर डीएनएस' बघा. ते चालू असेल तर ब्राउझर सिस्टिमला न विचारता परस्पर बाहेर विचारतो. अशा वेळी ब्राउझर चालतोय म्हणून डीएनएस ठीक आहे असं म्हणता येत नाही.

'नो इंटरनेट' हे लेबल आणि लॉगिनचं पान

विंडोजचं 'नो इंटरनेट' हे लेबल पुरावा म्हणून धरू नका. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका पत्त्यावरून छोटी मजकूर फाइल मागवतं आणि तिच्यात ठरलेले तीन शब्द आहेत का ते बघतं. मॅक ॲपलच्या पत्त्यावरून 'सक्सेस' एवढा शब्द मागवतं. तो पत्ता कुणी अडवला तर नेट असूनही लेबल नाही म्हणतं. हॉटेल, स्टेशन, कॉलेज अशा ठिकाणी लॉगिनचं पान आपोआप उघडणं याच तपासणीवर अवलंबून असतं, त्यामुळे मॅकवर पान उघडतं आणि शेजारच्या लिनक्सवर उघडत नाही, असं होतं. तिथे ब्राउझरमध्ये स्वतः 'कॅप्टिव्ह डॉट ॲपल डॉट कॉम' टाका, पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपी' ठेवून, 'एस' न लावता. सिस्टिम कुठलीही असो, लॉगिनचं पान समोर येतं.

पाचही पायऱ्या जुळल्या, तरी काही गोष्टी चालत नाहीत

आधी घड्याळ बघा. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स असतील तर हे हमखास होतं: मशीनच्या घड्याळात लिनक्स यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ. एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ काही तासांनी मागे-पुढे. नेटवरून वेळ दुरुस्त होईपर्यंत दोन टप्प्यांच्या लॉगिनचे ३० सेकंदांचे कोड चुकीचे ठरतात आणि काही साइट प्रमाणपत्र 'अजून वैध नाही' म्हणून अडवतात. लिनक्समध्ये 'टाइम-डेट-सी-टी-एल', जागा, 'सेट-लोकल-आरटीसी' (यातल्या दोन्ही आडव्या रेघांसकट), जागा, १ अशी कमांड दिली की दोघांचं जुळतं. लिनक्स त्यावर इशारा देतं, तो वाचा. दोन सिस्टिमच्या घरगुती मशीनवर तरीही हाच सोपा मार्ग आहे.

मग प्रॉक्सी, म्हणजे नेटवरच्या विनंत्या ज्याच्यामार्फत जातात तो मधला सर्व्हर. विंडोज आणि मॅकच्या सेटिंगमधली प्रॉक्सी बहुतेक ब्राउझर पाळतात. लिनक्सवर टर्मिनलमधले प्रोग्राम 'एचटीटीपी-अंडरस्कोर-प्रॉक्सी' या नावाचं वेगळं मूल्य बघतात. ब्राउझरला नेट आहे आणि टर्मिनलला नाही, किंवा उलट, याचं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.

साइटचं नाव दिसतं, पान अर्धवट येतं, मोठी फाइल वर चढतच नाही, अशी लक्षणं असतील तर पाकिटाचा (नेटवरून डेटा ज्या तुकड्यांत जातो त्याचा) आकार मोजा. विंडोजवर 'पिंग डॅश एफ डॅश एल १४७२' आणि पुढे १.१.१.१. लिनक्सवर 'पिंग डॅश मोठा एम, डू, डॅश एस १४७२'. मॅकवर 'पिंग डॅश मोठा डी, डॅश एस १४७२'. या दोघांतही पुढे तोच पत्ता. १४७२ मध्ये शीर्षकांचे २८ बाइट मिळवले की १५०० होतात, म्हणजे इथरनेटचा नेहमीचा कमाल आकार. 'फ्रॅगमेंटेड' असा शब्द आला किंवा उत्तरच नाही आलं, तर आकडा कमी करत जा. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडल्या जाणाऱ्या) पद्धतीच्या जोडणीवर तो १४६४ ला पास होतो, कारण तिथे कमाल आकार १४९२ आहे. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या मशीनवर पास होणारा आकडा वेगळा आला, तर व्हीपीएनने मागे ठेवलेलं ॲडॅप्टर किंवा कुणी हाताने बदललेला 'एमटीयू', म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, शोधा.

आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, तीही बघा. विंडोज आणि लिनक्सवर 'पिंग डॅश ६', मॅकवर 'पिंग६', पुढे साइटचं नाव. मशीनकडे आयपीव्ही६ पत्ता आहे पण पुढे वाट नाही, अशा वेळी ब्राउझर चटकन जुन्या आयपीव्ही४ कडे वळतात आणि तुम्हाला काही जाणवत नाही. बाकीचे प्रोग्राम मात्र वाट बघत बसतात. अपडेट अडतं आणि ब्राउझर पळतो, याचं एक कारण हे आहे.

दोन सिस्टिममध्ये फाइल पाठवायच्या असतील

नेट दोन्हीकडे आहे, पण विंडोजचं फोल्डर लिनक्सला दिसत नाही. आधी विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' आहे का बघा. घरच्या नेटवर्कला ते 'प्रायव्हेट' करा. बाहेरच्या नेटवर्कवर मात्र 'पब्लिक'च राहू द्या.

जुनं नेटवर्क स्टोरेज एका जुन्या मशीनवर दिसतं आणि नव्यावर दिसत नाही, तर बहुधा ते फक्त एसएमबी१, म्हणजे नेटवर्कवर फाइल वाटण्याची जुनी पद्धत, बोलतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीचा व्हायरस याच जुन्या पद्धतीतल्या त्रुटीतून पसरला. त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ती मूळ स्थापनेतून वगळली गेली, आणि लिनक्सवर फाइल वाटणाऱ्या सांबा या प्रोग्रामनेही २०१९ च्या ४.११ आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवली. एसएमबी१ पुन्हा चालू करण्याचे उपाय तुम्हाला सहज सापडतील. कळकळीने सांगतो, ते करू नका. त्या स्टोरेजचं फर्मवेअर अपडेट करा, एसएमबी२ चा पर्याय शोधा, नाहीच मिळाला तर त्यातला डेटा काढून घ्या. शेअरला पासवर्डही लावा, कारण नव्या विंडोजच्या अनेक आवृत्त्या बिनपासवर्डच्या 'गेस्ट' शेअरला जोडायला नकार देतात.

मशीन नावाने सापडत नसेल तर नावापुढे 'डॉट लोकल' लावून बघा. मॅकमध्ये हे बाँझूर या ॲपलच्या सोयीमुळे चालतं, लिनक्सवर त्यासाठी 'अवाही' बसलेलं लागतं. तरीही सापडलं नाही तर नावाऐवजी दुसऱ्या पायरीवर लिहिलेला पत्ता वापरा. पत्त्याने जोडलं गेलं, तर अडचण फक्त नाव सापडण्याची आहे.

सगळं करून झाल्यावर

विंडोजमध्ये सेटिंग्जच्या नेटवर्क पानावर 'नेटवर्क रीसेट' आहे. ते ॲडॅप्टर काढून पुन्हा बसवतं, साठवलेले वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएनची सेटिंगं जातात, म्हणून आधी ती लिहून ठेवा. मॅक आणि लिनक्सवर ते नेटवर्क 'फरगेट' करून नव्याने जोडणं हा तेवढाच उपयोगी आणि कमी नुकसानीचा उपाय आहे. रीसेट शेवटी ठेवा, कारण त्यात बिघाडाच्या खुणाही पुसल्या जातात.

आणि कुणाला मदत मागायची झाली तर 'लिनक्सवर नेट चालत नाही' एवढंच सांगू नका. कागदावरचे दोन्ही रकाने पाठवा: सिस्टिमची आवृत्ती, पत्ता आणि मास्क, गेटवे, गेटवेला पिंग, १.१.१.१ ला पिंग, डीएनएस सर्व्हर, आणि कोणत्या ओळीपासून दोघांची उत्तरं वेगळी व्हायला लागली. हार्डवेअरच्या पत्त्याची शेवटची सहा अक्षरं आणि वाय-फायचं नाव मात्र झाकून पाठवा.